सूर्यमालेला टेबल पुरत नाही

सूर्यमालेची प्रतिकृती नाही असे शालेय विज्ञान प्रदर्शन शोधून सापडायचे नाही. थर्माकोलचे रंगवलेले गोळे एका फळीवर ओळीने, शनीभोवती पुठ्ठ्याचे कडे. कारागिरीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ग्रहांचे आकार आणि त्यांच्यातली अंतरे यांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो याची. सूर्यापासून नेपच्यून सुमारे ४५० कोटी किलोमीटर. हे अंतर एक मीटरच्या फळीत कोंबले, तर १४ लाख किलोमीटर व्यासाचा सूर्यच मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून लहान होतो आणि पृथ्वी सूक्ष्मदर्शकाखाली शोधावी लागते. म्हणून प्रमाण एकच हवे. एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर धरा. सूर्य १.४ मीटरचा, पृथ्वी जेमतेम १३ मिलिमीटरची, लहान गोटीएवढी, आणि ती सूर्यापासून १५० मीटरवर. तिच्यापासून चंद्र ३८ सेंटिमीटरवर. माणूस आजवर गेला तो एवढाच. गुरू पाऊण किलोमीटरच्या पुढे. नरिमन पॉइंटला सूर्य ठेवला, तर मरीन ड्राइव्ह संपला तरी साडेचार किलोमीटरवरचा नेपच्यून येत नाही. या प्रमाणात प्रकाश सेकंदाला ३० सेंटिमीटर सरकतो, म्हणजे रमतगमत चालणारा माणूसही त्याला मागे टाकील.

यावर शिक्षक म्हणतील, मुलांना ग्रहांची नावे आणि क्रम कळला तरी पुरे. पण त्यासाठी फळ्यावरची यादी पुरते. प्रतिकृती पाहून मूल नकळत अंतरही शिकते, आणि चुकीचे शिकते. लघुग्रहांचा पट्टा म्हणजे दगडांची दाटी, ही समजूत अशीच रुजते. प्रत्यक्षात पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये त्या पट्ट्यातून सुखरूप पार झाले, कारण तिथे बहुतेक जागा रिकामीच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ग्रह कधी एका रस्त्यावर ओळीने उभे नसतात, तेव्हा रस्त्यावरची मांडणीही खोटीच. खरे आहे. प्रत्येक प्रतिकृती काहीतरी सोडतेच. फक्त काय सोडले ते पाटीवर लिहिता येते; फळीवरच्या गोळ्यांत अंतराचे काय झाले, हे मात्र बनवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

राहिला जागेचा प्रश्न. स्वीडनने अख्खा देश वापरला: स्टॉकहोममधले गोल क्रीडागृह म्हणजे सूर्य, आणि प्लूटो सुमारे ३०० किलोमीटरवरच्या डेल्स्बो गावात. आपल्या शाळांनी एवढे करायची गरज नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवरच्या प्रतिकृतीत एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार किलोमीटर धरले आहेत. त्या हिशेबाने सूर्य १४ सेंटिमीटरचा होतो, नेपच्यून साडेचारशे मीटरवर येतो. शाळेसमोरचा रस्ता त्याला पुरतो. पृथ्वी सव्वा मिलिमीटरची होईल, लांबून दिसणार नाही, हे कबूल; पण अवकाशात ती दिसते तशीच.

तेव्हा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी परीक्षकांनी एवढेच विचारावे, ‘प्रमाण काय धरलेस?’ उत्तर आले नाही, तर त्या गोळ्यांना चित्रकलेत गुण द्यावेत, विज्ञानात नकोत.