पापणी लवते न लवते तोच

इंग्रजीला परक्या शब्दांचे वावडे नाही. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-शब्दकोशाच्या २०२० च्या आवृत्तीत आपली ‘चाळ’ आणि ‘डबा’ही जाऊन बसले. पण सध्या बरेच नवे शब्द येतात ते बाजारातून.

दिल्लीलगतच्या गुरुग्राममध्ये २०१३ साली घरपोच किराणा देणारी ‘ग्रोफर्स’ कंपनी सुरू झाली. ‘ग्रोसरी’ म्हणजे वाणसामान आणि ‘गोफर’ म्हणजे सांगकाम्या, यांचा हा जोडशब्द. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे नाव ‘ब्लिंकिट’ झाले. ब्लिंक म्हणजे पापणी लवणे. नावातला माणूस गेला, वेग आला!

‘डार्क स्टोअर’ म्हणजे अंधारे दुकान नव्हे. गिऱ्हाइकाला जिथे प्रवेश नाही, असे ते वस्तीतले गोदाम. ‘गिग’ हा पूर्वी जॅझ वादकांचा शब्द, एखाद्या कार्यक्रमाची सुपारी. आता फेरीगणिक पैसे मिळवणाऱ्या कामगारालाही तो लागू झाला.

कंपन्या या तरुणाला ‘पार्टनर’ म्हणतात. पण भागीदाराला नफ्यात वाटा असतो. याने उन्हापावसात फेरी मारली, तरच पैसे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मात्र ‘गिग वर्कर’ची व्याख्या केली आणि विमा, आरोग्य यांसारख्या योजनांत त्याला जागा दिली. कायद्यात नाव असल्याशिवाय हक्क मागता येत नाही.

वाण्याकडचा पोऱ्या सामान घेऊन येई, तेव्हा त्याचे नाव घरात सर्वांना ठाऊक असे. दहा मिनिटांत दूध आणणाऱ्याला निदान पाणी तरी विचारावे. त्यासाठी नवा शब्द लागत नाही.