घड्याळाला मराठी शिकवताना

संगणक सुरू केला की उजव्या हाताला, अगदी खालच्या कोपऱ्यात, एक चिमुकले घड्याळ दिसते. ते बदलता येते हे सहसा आपल्या मनातही येत नाही. टेबलावरचे घड्याळ आवडले नाही तर आपण दुसरे आणतो, भिंतीवरचे नीट दिसत नसेल तर खिळा दुसरीकडे ठोकतो. संगणकावरचे घड्याळ मात्र जसे आले तसे, कंपनीने दिले तसे! गेले काही महिने मी या घड्याळाच्या मागे लागलो आहे. घरच्या मंडळींना हा म्हातारचळ वाटतो, आणि थोडासा तो आहेही. पण त्यातून माझे एक मत बनले आहे, ते आज मांडतो. घड्याळाने बघणाऱ्याच्या भाषेत वेळ सांगितली पाहिजे, आणि निदान संगणकावर तरी ते आपण करून घेऊ शकतो.

आधी थोडे या कोपऱ्यातल्या घड्याळाविषयी. ते विंडोज ९५ बरोबर आले. ही प्रणाली तयार होत असताना तास आणि मिनिटे यांच्यामधली दोन टिंबे दर सेकंदाला लुकलुकत असत. पण त्या काळच्या साध्या संगणकांत स्मृती जेमतेम चार मेगाबाइट. नुसती टिंबे लुकलुकवण्यात त्यातला वाटा जाऊन बाकीचे काम मंदावू लागले, म्हणून टिंबे स्थिर केली आणि सेकंदही दाखवायचे नाहीत असे ठरले. मायक्रोसॉफ्टमधल्या रेमंड चेन यांनी ही हकीकत २००३ साली लिहिली आहे. पुढे २००७ साली व्हिस्टाबरोबर पडद्यावर ठेवायची छोटी गोल घड्याळे आली. त्यांचे चेहरे बदलता येत, नाव देता येई, दुसऱ्या देशाची वेळही लावता येई. मला ती फार आवडत. पण त्या सोयीत सुरक्षेचे दोष निघाले आणि २०१२ मध्ये ती बंद पडली. विंडोज ११ मध्ये तर सुरुवातीला सेकंद दाखवायची सोयच नव्हती, लोकांनी मागणी केल्यावर २०२३ मध्ये ती मिळाली.

हे सांगण्याचे कारण असे की घड्याळात काय दिसावे हे प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवलेले असते. कधी यंत्राच्या कुवतीमुळे, कधी कोणाच्या आवडीमुळे. तो काही निसर्गनियम नाही. मग आपणही का ठरवू नये?

मला ते ठरवावे लागले ते सौ.मुळे. दोन वर्षांपासून तिची स्मरणशक्ती कमी होत चालली आहे. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले आहे, नातेवाइकांना ते ठाऊक आहे, इथे त्याची चर्चा नको. दुपारी जेवण झाले की ती थोडी झोपते. उठते तेव्हा पाच-साडेपाच झालेले असतात. थंडीच्या दिवसांत तेव्हा बाहेरचा उजेड पहाटेसारखाच असतो. ती उठून थेट स्वयंपाकघरात जाई आणि म्हणे, "आज उशीर झाला हो, तुमचा डबा व्हायचाय." मला निवृत्त होऊन सतरा वर्षे झाली आहेत! मी म्हणे, "अगं, संध्याकाळ आहे." यावर ती बैठकीच्या खोलीतल्या संगणकाकडे बोट दाखवी. "हे काय, साडेपाच वाजलेत की!"

बरोबरच होते तिचे. पडद्यावर ५:३० असेच होते. शेजारी इंग्रजीत पीएम अशी दोन बारीक अक्षरे होती, पण ती तिला दिसत नव्हती आणि दिसली असती तरी त्यांचा उपयोग नव्हता. मी वाद घालायचो, ती रडवेली व्हायची. एका संध्याकाळी असा वाद झाल्यावर मी त्या घड्याळाकडे बघत बसलो आणि मनात आले की इथे चूक हिची नाहीच. कोणी मला "साडेपाच" एवढेच सांगितले तर मीसुद्धा विचारीन, "सकाळचे की संध्याकाळचे?"

पहिला प्रयत्न सोपा होता. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजन' म्हणून एक भाग आहे. तिथे अधिक सेटिंग्जमध्ये गेले की एएम आणि पीएम यांच्या जागी काय दिसावे ते आपल्याला लिहिता येते. मी एएमच्या चौकटीत "सकाळी" लिहिले. मग पीएमच्या चौकटीपाशी थांबलो. काय लिहू? "दुपारी" लिहिले तर रात्री नऊ वाजताही दुपार. "रात्री" लिहिले तर भरदुपारी रात्र! शिवाय पहाटे चारलाही "सकाळी" आणि मध्यरात्रीनंतर साडेबारालाही "सकाळी"च. इंग्रजीच्या या दोन कप्प्यांत आपला दिवस बसत नाही. आपल्याला पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे निदान पाच कप्पे लागतात. दिवसरात्रीचे आठ प्रहर मोजणाऱ्यांचे आपण वारस, दोन भागांत आपले कसे भागणार?

तेव्हा माझ्या शाळेतला एक जुना विद्यार्थी मदतीला आला. तो आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने फोनवरून रेनमीटर नावाचा कार्यक्रम उतरवून घ्यायला सांगितला. हा फुकट मिळतो. पडद्यावर घड्याळ, दिनांक असे काहीही मांडता येते, आणि त्याची सगळी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. ती नोटपॅडमध्ये उघडायची, हवे ते बदलायचे, जतन करायची आणि घड्याळावर उजवी कळ दाबून ताजे करायचे. अक्षराचा आकार म्हणजे एक आकडा. रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे. हे मला जमले. काळ्या पाठीवर पिवळी अक्षरे केली, पलंगावरून दिसतील एवढी मोठी.

मराठी लिहायला घेतले तेव्हा मात्र पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग उमटली. विद्यार्थ्याने सांगितले, "सर, जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-१६ एलई निवडा." निवडले, आणि "सोमवार" हा शब्द ठसठशीत उमटला. खरे सांगतो, पहिला पगार झाला तेव्हासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

या फाइलमध्ये 'सब्स्टिट्यूट' म्हणून एक ओळ लिहिता येते. अमुक आले तर त्याजागी तमुक दाखव, एवढाच तिचा अर्थ. व्याकरणातल्या आदेशासारखेच! मी चोवीस तासांना नावे दिली. ४ आणि ५ पहाटे, ६ ते ११ सकाळी, १२ ते १६ दुपारी, १७ ते १९ संध्याकाळी, बाकी रात्री. आमच्या मेव्हण्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते चारचा चहा झाला की संध्याकाळ सुरू. आधी मी "दुपारचे" असे लिहिले होते, पण "दुपारचे दीड" वाचून माझ्यातला मास्तर अस्वस्थ झाला. दीड वाजला म्हणतो आपण, वाजले नाही. म्हणून "दुपारी दीड", "दुपारी अडीच" असे केले. त्यात चा-चे चा घोळ नाही.

मग सव्वा, साडे आणि पावणे. बारा तासांचे मिळून छत्तीस शब्द झाले, आणि भरल्या तासांचे बारा. लिहिताना लक्षात आले की ही आपली एक सुंदर व्यवस्था आहे आणि तिला अपवादही आहेत. १:१५ ला सव्वाएक म्हणत नाहीत, नुसते सव्वा. १:३० ला दीड, २:३० ला अडीच आणि १२:४५ ला पाऊण. मे महिन्यात नातू आला होता, त्याने पडद्यावर "दुपारी पाऊण" वाचले आणि विचारले, "आजोबा, पाऊण काय?" त्याला सगळीकडे १२:४५ असेच दिसते, तसेच तो इंग्रजीत वाचतो. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. ती परत यावी असे मी म्हणत नाही, माराची आठवण अजून आहे. पण पाऊण म्हणजे किती हे दहा वर्षांच्या मराठी मुलाला ठाऊक नसावे, याला थोडेसे कारण आपण डोळ्यांसमोर ठेवलेली घड्याळेही आहेत.

एक फजितीही सांगतो. मी आधी इंग्रजी आकड्यांच्या जागी देवनागरी आकडे घालायच्या जोड्या लिहिल्या आणि नंतर छत्तीस शब्दांच्या. परिणाम असा की शब्द उमटेचनात. दोन तास डोके खाजवले. कार्यक्रम जोड्या क्रमाने घेतो. आकडे आधीच देवनागरी झाले, मग इंग्रजी आकड्यांत लिहिलेले "०२:४५" त्याला सापडणार कुठून? शब्द वर नेले, आकडे खाली, आणि काम झाले.

तरी एक अडचण उरलीच. २:४५ ला "पावणेतीन" दिसे आणि एका मिनिटाने लगेच "२:४६". सौ. अशा उड्यांनी बावचळे. शिवाय आपण कुठे एका मिनिटालाच पावणेतीन म्हणतो? दोन-चार मिनिटे इकडेतिकडे झाली तरी पावणेतीनच. विद्यार्थ्याने चौकोनी कंस वापरून आकड्यांचा पल्ला कसा लिहायचा ते शिकवले. आता २:३८ ते २:५२ पर्यंत "पावणेतीन" राहते. नेमकी वेळ खाली कोपऱ्यात बारीक आकड्यांत ठेवली आहे, माझ्यासाठी. एक खोट अजून आहे. अकरा वाजून त्रेपन्न मिनिटांनी शब्द "बारा" होतो पण तास अकराचाच असतो, म्हणून सात मिनिटे "सकाळी बारा" दिसते. तीही काढीन.

यावर आक्षेप आहेत, आणि ते मला मान्य आहेत. मुंबईत लोकल पकडणाऱ्याला "सव्वाआठ" चालत नाही, ८:१३ च लागते. दवाखान्यात, बँकेत, परीक्षेत मिनिट म्हणजे मिनिट. शाळेची घंटा मीही काट्यावर काटा ठेवूनच द्यायला लावली. दुसरा आक्षेप मुलीचा, की अशा रुग्णांसाठी वार आणि वेळ दाखवणारी तयार घड्याळे मिळतात, एवढा उपद्व्याप कशाला? मिळतात खरी. मी पाहिली ती इंग्रजीत होती. तिसरा आक्षेप असा की संगणक दिवसभर चालू ठेवावा लागतो. हो, पडदा आपोआप मालवू नये म्हणून सेटिंग बदलले आहे आणि विजेचे बिल थोडे वाढले आहे.

पण माझे म्हणणे एवढेच आहे की अचूक वेळ आणि कळणारी वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामाच्या माणसाला पहिली लागते. घरात बसलेल्या, दिवसाचा धागा हातातून सुटू लागलेल्या माणसाला दुसरी लागते. यंत्र दोन्ही दाखवू शकते, पण सांगितल्याशिवाय दाखवत नाही. आणि आपण सांगत नाही, कारण कोपऱ्यात जे आले तेच घड्याळ असे आपण धरून चालतो.

याने सगळे ठीक झाले असे मुळीच नाही. काही दिवस ती पडद्याकडे बघते आणि तरीही डब्याचे विचारते. तेव्हा मी आता वाद घालत नाही, "आज सुट्टी आहे" म्हणतो. काही दिवस मात्र घड्याळ कामाला येते. मागच्या गुरुवारी झोपून उठल्यावर ती दारात उभी राहिली आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचले, "गुरुवार. संध्याकाळी साडेसहा." मी काहीच बोललो नाही. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "मग दिवा लावायला हवा."

आणि देवापाशी गेली. ६:३० हा आकडा मी तिला वर्षभर दाखवत होतो, त्यातून तिला कधी दिवा आठवला नव्हता.

असो. माझी ती छोटी फाइल कोणाला हवी असेल तर पाठवीन, फुकटच आहे. आणि चार वाजता दुपार असते की संध्याकाळ, हेही जरूर कळवा. मेव्हण्यांचे तोंड बंद करायचे आहे.