दाराबाहेरचे आईबाप

नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागाची आपल्याकडे बातमी होते ती आग लागल्यावर. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० बाळं दगावली, तेव्हा चार दिवस सगळे बोलले. पण त्या विभागांच्या दाराबाहेर एरवी रोज जे आईबाप बसलेले असतात, त्यांची चर्चा होत नाही.

माझ्या भाचीला आठव्या महिन्यात मुलगी झाली. वजन चौदाशे ग्रॅम. बाळ पेटीत, भाची वरच्या मजल्यावर, तिचा नवरा जिन्यात. तिसऱ्या दिवशी तिला पेटीपाशी नेलं. तिने हात पुढे केला तर सिस्टर म्हणाली, “हात लावू नका.” नाकात नळी का, निळा उजेड कशासाठी, मशीन का वाजतं, कुणी सांगितलं नाही. मशीन वाजलं की तिला वाटायचं, संपलं. बहुतेक वेळा पायाला लावलेली पट्टी सैल झालेली असते, हे तिला नवव्या दिवशी कळलं. आठ रात्रींची भीती एका वाक्याने गेली असती.

आणि आम्ही घरचे काय करत होतो? “सब्र कर, रडू नकोस, दूध आटेल.” सब्र हा शब्द आपण फार स्वस्त करून ठेवला आहे. ज्या बाईला आपलं बाळ जगणार की नाही हेच माहीत नाही, तिला माहिती न देता सब्र शिकवणं म्हणजे तिचं तोंड बंद करणं.

मी त्या सिस्टरला दोष देत नाही. बारा पेट्यांमध्ये ती एकटी धावत होती, तीही कंत्राटावर. दोष त्या व्यवस्थेचा, जिच्या लेखी आईबापांशी बोलणं हे नर्सचं कामच नाही.

“जंतुसंसर्ग होतो, म्हणून बाहेर ठेवतो,” हे उत्तर ठरलेलं. मग केंद्र सरकारने २०१७ साली मार्गदर्शक सूचना काढून आईवडिलांना हात धुण्यापासून बाळाला पाजण्यापर्यंत सगळं शिकवा आणि विभागात घ्या, असं का सांगितलं? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. त्यासाठी आईची खाट बाळाच्या विभागातच हलवली होती. अमेरिकेत २००६ च्या एका अभ्यासात आईवडिलांना फक्त नीट समजावून सांगितलं गेलं: बाळ असं का दिसतं, असं का वागतं, तुम्ही काय करू शकता. त्यांचा ताण कमी झाला आणि बाळं सुमारे चार दिवस आधी घरी गेली. म्हणजे आईबापांशी बोलणं हाही उपचारच आहे.

आमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. चौथ्या दिवशी दूधपेढीच्या दुधासाठी सहीचा कागद आला. दूधपेढी ही मोठी सोय आहे. आशियातली पहिली १९८९ साली शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पण मुस्लिम घरात दुधाचं नातं असतं, एका बाईचं दूध प्यालेली मुलं भावंडं ठरतात. दूधपेढीच्या दुधाला हे लागू होतं का, यावर उलेमांतच दोन मतं आहेत. भाचीने विचारलं तर उत्तर मिळालं, “तुमच्या लोकांचं नेहमीचंच.” दहा मिनिटं बसून कुणी पर्याय सांगितले असते, तिचं स्वतःचं दूध काढायला मदत केली असती, तर प्रश्न सुटला असता. हा अनुभव केवळ बुरख्यातल्या बाईचा नाही. मेळघाटची आदिवासी आई किंवा फडावरची ऊसतोड आई विचारायला गेली, तर तिलाही हेच ऐकावं लागतं.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक पाळीत एक नर्स अशी हवी जिचं काम आईबाप हेच असेल; त्यासाठी पदं मंजूर करा आणि ती कायमस्वरूपी भरा. पहिल्याच दिवशी पेटीपाशी नेऊन प्रत्येक नळीचा अर्थ सांगा. बापालाही आत घ्या. बाळाच्या कानात अजान द्यायची असेल तर हात धुऊन दोन मिनिटं देऊ द्या, त्याने कोणतंही मशीन बंद पडत नाही.

आपल्या जमातींनाही सांगणं आहे. नावाची पाटी लावून ॲम्ब्युलन्स देणारे पुष्कळ आहेत. बाळाला छातीशी धरून बसायला टेकायच्या खुर्च्या द्या, दूरगावच्या आयांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय करा.

आणि आज ज्यांचं बाळ पेटीत आहे, त्यांनी गप्प बसू नये. रोज तीन प्रश्न विचारा: आज बाळात काय बदल झाला? मी त्याला हात कधी लावू शकते? त्याच्यासाठी मी आज काय करू? उत्तर नाही मिळालं तर उद्या पुन्हा विचारा. तुम्ही तिथे पाहुणे नाही.