करवत काठीला भत्ता मिळाला, ऑर्डर कधी?

सिंदेवाहीच्या माणसाला कोसा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ऐनाच्या झाडावरचे कोष, ते उकळून काढलेला मातकट सोनेरी धागा आणि त्या धाग्याची नागभीडकडे, भंडारा जिल्ह्यात हातमागावर विणलेली करवत काठी साडी. काठावर करवतीसारखे दात, म्हणून हे नाव. हे दात छापलेले नसतात. अंगाचा एक आणि काठांचे दोन, असे तीन धोटे चालवून प्रत्येक फेरीला धागे एकमेकांत अडकवावे लागतात. त्यामुळे काम हळू चालतं आणि मदतीला घरातलंच कोणीतरी बसतं. यंत्रमाग तसा दिसणारा काठ काढतो आणि स्वस्तात विकतो. गिऱ्हाईक तिकडे वळतं.

राज्याच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काठी, खण आणि घोंगडी या पाच पारंपरिक प्रकारांना जागा मिळाली. नोंदणीकृत विणकरांना वर्षातून एकदा उत्सव भत्ता आहे: पुरुषांना 10,000 आणि महिलांना 15,000 रुपये. बाईला जास्त दिले हे चांगलंच झालं. पण हिशेब मांडून बघा. 15,000 म्हणजे महिन्याला 1,250. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशातल्या सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांची महिन्याची कमाई 5,000 च्या आत निघाली होती. एवढ्यावर विणकराचा मुलगा मागावर का बसेल? आणि कोष उकळून धागा काढणारी बाई? ती विणत नाही, भत्ता मात्र विणकराच्या नावाचा आहे.

हा विषय आपल्या समाजाला परका नाही. औरंगाबादचा हिमरू आपल्याच कारागिरांचा हुनर. सूत आणि रेशीम मिसळून विणलेला, म्हणून पुरुषांना निव्वळ रेशीम मना असलेल्या घरांतही त्याची शेरवानी चालायची. आज त्याचे माग बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

याच धोरणात अंत्योदय कुटुंबाला वर्षाला एक साडी मोफत आहे, आणि ती यंत्रमागावरची. तिला माझा विरोध नाही. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर आपलेच मोमीन, अन्सारी भाऊ राबतात, त्यांचीही चूल त्यावर पेटते. पण फरक लक्षात घ्या. यंत्रमागाला सरकारने ऑर्डर दिली, हातमागाला भत्ता. ऑर्डर आली की वर्षभर माग चालतो, भत्ता सणाला खर्च होऊन जातो.

लाखो साड्या हातमागावर होणार नाहीत, हे मान्य. पण सत्काराच्या शाली तर होतील? आम्हा शिक्षकांना विचारा, 26 जानेवारीपासून निरोप समारंभापर्यंत शाल-श्रीफळ सुरूच असतं. त्या शाली कुठे विणल्या, हे कोणी विचारत नाही. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपंचायत यांनी वर्षाची गरज आधी कळवून कोशाच्या शाली हातमाग विणकरांकडूनच घ्याव्यात आणि पैसे महिन्याच्या आत द्यावेत, अशी मागणी आपण निवेदन देऊन करू शकतो. आपल्या अंजुमन, शाळा आणि जमातींच्या सत्कारांना तर कोणाच्या मंजुरीची गरज नाही, येत्या निकालानंतरच्या गुणगौरवापासून सुरू करता येईल.