विमानाला आईचं नाव

मैत्रिणींनो, तो फोटो तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. बॉम्बफेकी विमानाच्या खिडकीतून वैमानिक हसत हात हलवतोय आणि खिडकीखाली ठळक अक्षरात लिहिलंय: 'एनोला गे'. पॅसिफिक महासागरातल्या टिनियन बेटावरून उडालेल्या याच विमानाने ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. एनोला गे हे वैमानिक पॉल टिबेट्सच्या आईचं नाव. आदल्याच दिवशी रंगवून घेतलेलं! आणि बॉम्बचं नाव 'लिटल बॉय', म्हणजे छोटा मुलगा. त्याआधी जुलैमध्ये पहिल्या चाचणीची खबर अमेरिकेच्या युद्धमंत्र्याला गेली तीही सांकेतिक तारेने: डॉक्टर खूश आहेत, मुलगा थोरल्या भावासारखाच दणकट आहे!

जन्म देणारीची भाषा संहारासाठी उसनी घ्यायची, ही कुठली रीत? त्या युद्धात इतर कितीतरी अमेरिकी विमानांच्या नाकावर अर्धनग्न बायका रंगवलेल्या असत. त्यांच्यापुढे उभं राहून सैनिक फोटो काढत. म्हणजे बाई एक तर आई, नाही तर भोगवस्तू. तिसरी बाई या फोटोंत नाहीच.

ती खाली होती. घरात, कारखान्यात, रस्त्यावर. घरं पाडून आगीला अडवणारे मोकळे पट्टे करायला जुंपलेल्या शाळकरी मुलींत होती. १९४५ अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. योशितो मात्सुशिगे या वृत्तछायाचित्रकाराला त्या दिवशी जळत्या शहरात पाचच फोटो घेता आले. त्यांत मियुकी पुलावर भाजलेली शाळकरी मुलं आहेत. विमानाचे फोटो जगभर मिरवले. असे फोटो अमेरिकी ताब्याच्या काळात सेन्सॉरने दडपले.

विमानातले बाराजण राक्षस नव्हते, कुणाची तरी मुलंच होती. म्हणून तर प्रश्न व्यक्तींचा नाही, त्यांना घडवणाऱ्या लष्करशाहीचा आणि पुरुषसत्तेचा आहे. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला विमानासोबत खालच्या माणसांची कहाणीही मांडायची होती. माजी सैनिकांच्या संघटनांनी गदारोळ केला, मूळ प्रदर्शन रद्द झालं. विमानाचा सांगाडा तेवढा मांडला गेला.

हे दूरचं नाही. १९९८ मध्ये पोखरणनंतर आपल्याकडेही पेढे वाटले गेले, मर्दानगीच्या गोष्टी झाल्या. 'आम्ही काय बांगड्या भरल्यात?' ही भाषा आपल्या ओळखीचीच आहे.

तेव्हा असा फोटो समोर आला की विचारूया: खाली कोण होतं? आणि ठणकावून सांगूया, आमची नावं तुमच्या बॉम्बफेकी विमानांवर नकोत!