आधी स्वतःचा आवाज ऐका

यूट्यूबवर उतरू पाहणारी तरुण मंडळी हमखास विचारतात, माझी स्टाइल कोणती असावी? उत्तर मिळेपर्यंत धीर नसतो. मग गाजलेल्या चॅनेलसारखं बोलणं आणि तशीच थंबनेलं सुरू होतात. याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजेच यूट्यूबवरच्या ‘आपली आजी’, २०२०मध्ये नातवाच्या मदतीने कॅमेऱ्यासमोर आल्या. घरात बोलतात तीच बोली, रोजचाच स्वयंपाक. कारल्याची भाजीसुद्धा लोकांनी आवडीने पाहिली! बेतलेल्या निवेदनाने हे साधलं नसतं.

स्वतःचा आवाज शोधायला तंत्राचीही मदत घ्यावी. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक किती वेळ टिकले याचा आलेख दिसतो. रेषा घसरते तिथे लोक निघून गेलेले असतात किंवा तो भाग गाळून पुढे सरकलेले असतात. बरेचदा ती जागा लांबलेल्या प्रस्तावनेची असते. रेषा मध्येच उंचावली, तर तेवढा भाग बहुधा पुन्हा पाहिला गेलेला असतो. तो नीट ऐका. तिथे तुम्ही काय सांगत होता, कोणत्या शब्दांत, किती सावकाश? पुढच्या व्हिडिओची सुरुवात तिथूनच करा.