मशिदीत असतं तरी काय?

परवा वर्गात एकाने विचारलं, "बाई, मशिदीत मूर्ती नसते, मग आत असतं काय?"

'मस्जिद' म्हणजे सजद्याची जागा. कपाळ जमिनीला टेकून अल्लाहपुढे नम्र होण्याची. आधी वजू, म्हणजे हात, तोंड, पाय धुणं. मग नमाज, दिवसातून 5 वेळा. भिंतीतला कोनाडा, म्हणजे मेहराब, मक्केतल्या काबाची दिशा दाखवतो. आमच्या गडचांदूरहून ती पश्चिमेला, तर मोरोक्कोहून पूर्वेला!

इतक्यात मागच्या बाकावरचा, एरवी गप्प बसणारा मुलगा बोलला, "बाई, शुक्रवारी अब्बांच्या शेजारी त्यांचे मालकच उभे होते. खांद्याला खांदा लावून!"

मिळालं ना उत्तर? पुस्तक नंतर उघडा. आधी शेजारच्या मित्राला विचारा.